गाडीची काच बदलताना

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात ‘स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन म्हणजे काय?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनीच लिहिलेला आहे. मीही लिहिला होता, मार्कही बरे पडले होते. पण तो प्रश्न मला खऱ्या अर्थाने समजला तो मे महिन्याच्या सुट्टीत, बाबांच्या गाडीची पुढची काच फुटली तेव्हा. खरं सांगायचं तर फुटली नाही, मी फोडली. कशी ते पुढे येईलच.

सुट्टीत घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन बाहेर पडले. पुढे खडीचा डंपर होता. ओव्हरटेक करायची घाई म्हणून मी त्याच्या अगदी मागे चिकटून चालवत होते. ‘टक्’ असा आवाज आला. घरी आल्यावर पाहिलं तर काचेच्या डाव्या बाजूला, खाली, मुगाच्या डाळीएवढा टवका उडालेला. एवढ्याने काय होतंय, असं म्हणून मी गप्प बसले. बाबांना सांगितलं असतं तर गाडीची किल्ली परत मिळाली नसती ना!

आठ दिवस काहीच झालं नाही. नवव्या दिवशी भर दुपारी, उन्हात तापलेली गाडी मी धुवायला घेतली. हौदातलं गार पाणी बादलीने काचेवर ओतलं आणि डोळ्यांदेखत त्या टवक्यातून एक रेघ निघाली. सळसळत, थेट ड्रायव्हरच्या बाजूपर्यंत. बाबांना मी सांगितलं, ‘उन्हाने तडकली.’

तडा का पळतो?

काच दाबली तर पुष्कळ सहन करते, पण ताणली की लगेच दगा देते. लोखंड ताण आला की थोडं वाकून, लांबून तो वाटून घेतं. काचेला ते जमत नाही. १९१३ मध्ये इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने गणिताने दाखवलं, की लंबगोल भोकाच्या टोकाशी ताण ‘१ + २अ/ब’ पट होतो. ‘अ’ म्हणजे ताणाच्या दिशेला काटकोनात असलेली भोकाची अर्धी लांबी आणि ‘ब’ म्हणजे अर्धी रुंदी. भोक गोल असेल तर उत्तर येतं ३ पट. पण लांबी रुंदीच्या १० पट असेल तर थेट २१ पट! तड्याचं टोक तर याहून कितीतरी अणकुचीदार असतं. पुढे ग्रिफिथने १९२१ च्या निबंधात काचेवरच प्रयोग करून, तडा कधी थांबतो आणि कधी पळत सुटतो याचा हिशोब मांडला.

आता माझी बादली घ्या. गार पाण्याने काचेचा बाहेरचा पृष्ठभाग आकसू पाहतो, आतला तापलेला भाग त्याला आकसू देत नाही. म्हणजे बाहेरच्या बाजूला ताण. तो ताण नेमका टवक्याच्या टोकाशी गोळा झाला. बाकीचं काम काचेनेच केलं.

पुढची काच वेगळी असते

गाडीच्या दारांच्या काचा बहुधा टफन्ड असतात. काच ६०० अंशांच्या वर तापवून एकदम हवेच्या झोताने थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. अशी काच फुटली तर तिचे बोथट, लहान लहान खडे होतात. पण पुढे अशी काच असती तर एका दगडासरशी ड्रायव्हरसमोर सगळा चुरा झाला असता.

म्हणून पुढे लॅमिनेटेड काच. दोन पातळ काचा आणि मध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाच्या प्लॅस्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. फुटली तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. १९०३ मध्ये बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून एक चंबू पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे झाले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळलेला होता. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. आपल्याकडे मोटार वाहन नियमांत (१९८९) पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा असंही सांगितलेलं आहे.

मिस्त्रींच्या दारात

आमच्याकडे दोन दिवसांनी मावसबहिणीचं लग्न होतं आणि गाडी लागणारच होती. एका दुकानात म्हणाले, तासाभरात काच बसवून गाडी घेऊन जा. बाबा तिथेच देणार होते, पण ओळखीच्या एकाने काचेच्या जुन्या मिस्त्रींचं नाव सुचवलं.

मिस्त्रींनी काचेवरून अंगठा फिरवला आणि टवक्यावर थांबले. ‘साहेब, तडा इथून निघालाय. आणि हा टवका काही आजचा नाही. आत धूळ बसलीये बघा.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

‘त्याच दिवशी आणली असती तर मी रेझिन भरून दिलं असतं,’ मिस्त्री म्हणाले. टवका नवा, नाण्यापेक्षा लहान आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर त्यातली हवा ओढून घेऊन पातळ रेझिन भरतात आणि अतिनील दिव्याखाली घट्ट करतात. रेझिनमध्ये प्रकाश जवळजवळ काचेइतकाच वळतो, म्हणून डाग फारसा दिसत नाही, आणि तड्याचं टोक चिकटल्यामुळे तो सहसा पुढे पळत नाही. पण धूळ-पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही. काही शेकड्यांत भागणारं काम माझ्या गप्प बसण्याने काही हजारांवर गेलं होतं.

काच कशी बदलतात

त्या दिवशी मी मिस्त्रींच्या शेजारीच उभी राहिले. (घरी बाबांसमोर बसण्यापेक्षा ते बरं होतं.) पाहिलं ते असं:

१) वायपर, त्याखालची जाळी, कडेच्या पट्ट्या आणि आतला आरसा काढला. डॅशबोर्डवर गोधडी टाकली.

२) आजच्या गाड्यांत काच पॉलियुरेथेनने बॉडीला चिकटवलेली असते. मिस्त्री त्याला नुसतं ‘पीयू’ म्हणतात. त्यातून एक बारीक तार ओवली. एक जण आत, एक बाहेर, करवतीसारखी ओढत चारही बाजू कापल्या.

३) रबरी वाट्यांच्या पकडीने काच उचलली. जुना पीयू पत्र्यापर्यंत खरवडला नाही, एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवला. नवा पीयू ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवर उत्तम धरतो. पत्र्यावर ओरखडा उठला तर तिथे प्रायमर लावायलाच हवा, नाहीतर गंज धरतो आणि पावसात पाणी आत येतं.

४) नव्या काचेवर आयएसआय शिक्का आहे का ते पाहिलं. मग कोरडीच ठेवून माप घेतलं.

५) काचेच्या कडेचा काळा पट्टा शोभेचा नसतो. ऊन पीयूला खराब करतं, त्याला तो सावली देतो. तो पट्टा पुसून त्यावर प्रायमर लावला. तिथे बोट लावायचं नाही, हाताचा तेलकटपणा पुरतो.

६) पीयूची त्रिकोणी धार न तुटता चारही बाजूंनी ओढली आणि वरची साय धरायच्या आत काच बसवून टेपने धरून ठेवली.

जुन्या अँबॅसिडर, पद्मिनीला काच रबरात बसायची. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, काच बाहेरून दाबायची आणि आतून सुतळी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवायची. मिस्त्री ते काम शिकतच मोठे झाले.

खरा प्रश्न वेळेचा

बाबांनी पाकीट काढलं. मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, गाडी आज मिळणार नाही.’

‘अहो, दुसरीकडे तासाभरात देत होते. परवा लग्न आहे.’

‘काच तासाभरात मीपण बसवतो. पण बसवणं वेगळं आणि धरणं वेगळं. वहिनी पुढेच बसणार ना? पुढची एअरबॅग उघडली की आधी काचेवर आदळते आणि मग माणसाकडे येते. काच सुटली तर बॅग काचेबरोबर बाहेर. मग वहिनींना कोण धरणार?’

बाबा काही बोलले नाहीत. पाकीट खिशात ठेवलं.

पीयू हवेतली ओल शोषून घट्ट होतो, बाहेरून आत, हळूहळू. वरची साय धरली म्हणजे आतून झालं असं नाही. किती वेळाने गाडी चालवायची हे नळीवर लिहिलेलं असतं. काहींना तास-दोन तास पुरतात, काहींना बरेच जास्त. मिस्त्रींच्या नळीवरचा आकडा मोठा होता आणि उन्हाळ्यातली कोरडी हवा. गाडी उलटली तर छपराला आधार देण्यातही या काचेचा वाटा असतो. त्यामुळे ही काच म्हणजे नुसती खिडकी नव्हे.

लग्नाला आम्ही एसटीच्या लाल डब्याने गेलो. वाटेत मी बाबांना डंपरचं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘त्याच दिवशी सांगायचं होतंस.’ ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ध्यानात ठेवा

- टवका उडाला की लगेच पारदर्शक टेप लावा आणि दुरुस्तीला न्या. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, एसीचा झोतही एकदम नको.
- नवी काच बसल्यावर पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. सगळं बंद असताना दार आपटलं की आतली हवा काच बाहेर ढकलते. एक-दोन दिवस प्रेशरने धुणंही नको.
- फास्टॅग जुन्या काचेवरून काढताना फाटतो. बँकेकडून नवा घ्या.
- काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं.
- विम्यात काचेच्या भागांना घसारा कापत नाहीत, पण नुसत्या थर्ड पार्टी विम्यात काच येत नाही. क्लेम केल्यावर नो क्लेम बोनस जाऊ शकतो, म्हणून आधी हिशोब करा.

आणि शेवटचं, जे कोणत्याच टेक्स्टबुकात नाही. लहान टवका असतो तेव्हाच सांगून टाका. काचेचा असो, बॅकलॉगचा असो, नाहीतर रूममेटशी झालेल्या भांडणाचा. गार पाण्याची बादली कधी येऊन पडेल, सांगता येत नाही!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल