अंगणासाठी बॅटरीवरचा ब्लोअर

प्रश्न : बदलापुरातील बंगल्याच्या अंगणात पालापाचोळा फार साचतो. बॅटरीवर चालणारा ब्लोअर घेताना काय पाहावे?

उत्तर : बॅटरीत साठणारी ऊर्जा वॉट-तासांत, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारात मोजली जाते; त्यामुळे १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॉट-तास ऊर्जा असते आणि ३०० वॉट वापरणारे यंत्र तिच्यावर जेमतेम १४ मिनिटे चालते. फाल्गुन-चैत्रातील सुकी पाने फरशीवरून लोटण्यास एवढा वेळ पुरतो, मात्र पावसाळ्यात चिकटलेल्या ओल्या पानांसाठी खराटाच सरस ठरतो. बॅटरी आणि चार्जर किमतीत धरलेले आहेत का, हे आधी विचारावे. गोळा केलेला पाचोळा न जाळता त्याचे खत करावे. अंगण लहान असल्यास ही खरेदी अनावश्यक आहे.