कॉक्लिअर करायचं का?

आईबाबांनो,

परवा आमच्या गारखेड्यातल्या एक आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. मी वाचा-उपचार करते. "ऐकतो हो तो, मिक्सर लावला की लगेच वळून बघतो," आजी सांगत होत्या. बाळ त्या वेळी कुठं असतं, मी विचारलं. ओट्याला धरून उभं. ओटा थरथरतो, ते त्याच्या हातांना कळत होतं. मी त्याला सतरंजीवर बसवलं, मागे उभी राहिले आणि हातातल्या वाटीवर चमचा वाजवला. ते खेळतच राहिलं. आजींनी पदर तोंडाला लावला.

"त्याचे बाबाही उशिराच बोलले," असं म्हणत घरं वाट बघतात आणि वर्ष निघून जातं. बोलणं शिकण्यासाठी मेंदूची पहिली तीन-चार वर्षं फार मोलाची, म्हणून मला ही घाई वाटते.

घाई तपासणीची, कॉक्लिअर बसवण्याच्या ऑपरेशनची नव्हे. आधी बेरा ही ऐकण्याची तपासणी करून घ्या. दोन्ही कानांचं नुकसान तीव्र निघालं, तर चांगलं कानाचं मशीन लावून साधारण तीन महिने नीट बघा. त्यावर बाळ बोलण्याचे आवाज पकडू लागलं, तर कॉक्लिअर नको. कारण ऑपरेशनमध्ये त्या कानातलं उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणंही जाऊ शकतं. मेंदुज्वरानंतर ऐकू येईनासं झालं असेल तर मात्र थांबू नका. तिथं कानाच्या आतल्या शंखाच्या पोकळीत हाड वाढू लागतं आणि कॉक्लिअरची तार सरकवायला जागा उरत नाही.

कॉक्लिअर आवाज मोठा करत नाही, ते थेट श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत देतं. म्हणून नस असायला हवी, आणि ती एमआरआयमध्ये दिसते. नसच नसेल, तर कितीही महागडं यंत्र उपयोगाचं नाही. अशा बाळालाही भाषा हवीच. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, ती घरातल्या सगळ्यांनी शिकावी. त्यात कमीपणा कसला?

खर्चाच्या धास्तीनं मागे फिरू नका. केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर मिळतं आणि त्यातलं कॉक्लिअरचं काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते. जन्मापासून न ऐकणाऱ्या बाळांसाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे, ती मनात पक्की ठेवा.

पण खरा निर्णय पुढचा आहे. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा सुरू करतात, ते स्विच ऑन. त्या दिवशी बाळ "आई" म्हणत नाही, बहुतेक वेळा दचकून रडतं. त्याचं ऐकण्याचं वय त्या दिवशी शून्य असतं. मग वारंवार मॅपिंग, म्हणजे यंत्राचे संकेत बाळाला जुळवून घेणं, नियमित थेरपी आणि घरी दिवसभर बोलणं: "कुकरची शिट्टी झाली, ऐकलीस?" बाहेरचं यंत्र आंघोळीला काढायचं, आठवणीनं परत लावायचं. वायर, बॅटरी यांचा खर्च आयुष्यभराचा. मॅपिंग कुठं होणार, प्रत्येक खेपेला रजा कोण टाकणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा. एकट्या आईवर सगळं टाकणार असाल, तर आधी ते बदला.

बेराची तारीख याच आठवड्यात घ्या. आणि माझ्याकडे याल तेव्हा आजीलाही आणा. दिवसभर बाळाशी बोलणार त्याच आहेत.