फिट कुठून येते? स्मरणशक्तीच्या चाचणीला जाण्यापूर्वी

दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. कानशिलाच्या आतल्या टेम्पोरल लोबमधून फिट येत असल्याची शंका असेल, तर एमआरआय आणि व्हिडिओ ईईजीबरोबर स्मरणशक्तीही तपासतात. धुळे जिल्ह्यातल्या साक्री भागातल्या रुग्णांनी धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून चिठ्ठी घ्यावी. पुढची तपासणी मुंबईचं केईएम किंवा तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था अशा मोठ्या केंद्रांत होते.

१. फिटची नोंद ठेवा. पोटातून काही वर चढल्यासारखं वाटतं का? नजर एकटक लागते, तोंड चघळल्यासारखं हलतं का? मोबाइलवर चित्रण करा. नीट बोलणं किती वेळाने परत येतं, तेही लिहा.

२. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. सगळी पाकिटं सोबत न्या, कारण टोपिरामेटसारख्या गोळीनेही शब्द पटकन सुचत नाहीत. चष्मा विसरू नका. आदल्या दिवशी फिट आली किंवा रात्री जागरण झालं, तर आधीच सांगा.

३. घरची भाषा सांगा. अहिराणी, कोकणी, भिली, जी असेल ती. अहिराणीत मुलाला ‘आंडोर’ म्हणणाऱ्या माणसाची परीक्षा पुस्तकी मराठीत घेतली, तर अडचण भाषेची असूनही खापर मेंदूवर फुटतं. शिक्षण किती झालं, कामाचा हात कोणता, हेही सांगा.

४. चाचणीत घाबरू नका. एका प्रचलित चाचणीत १५ शब्द ५ वेळा वाचून दाखवतात. दरवेळी आठवतील तेवढे सांगायचे. मग दुसरी यादी येते आणि २०-३० मिनिटांनी पहिलीच पुन्हा विचारतात. एक किचकट आकृतीही आधी बघून, नंतर न बघता काढायची असते. यात पास-नापास नाही. सोबत्याने उत्तर सुचवू नये.

५. निकाल समजून घ्या. शब्द निसटत असतील, तर संशय बहुधा डाव्या बाजूवर जातो. आकृत्या निसटल्या, तर उजव्या बाजूवर. ही दुसरी खूण जरा कच्ची असते. म्हणून एमआरआय, व्हिडिओ ईईजी आणि स्मरणशक्तीची चाचणी या तिन्ही तपासण्या एकाच बाजूकडे बोट दाखवतात का, ते विचारा.

६. शस्त्रक्रियेने काय गमावू, हेही विचारा. १९५३ मध्ये अमेरिकेत फिटचे रुग्ण हेन्री मोलेसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला. फिट कमी झाली, पण नवं काही लक्षात राहीना. आता शस्त्रक्रिया एकाच बाजूला करतात. तरी त्या बाजूची स्मरणशक्ती चांगली असेल, तर ती घटण्याचा धोका जास्त असतो. तुमचं रोजचं काम काय, हे डॉक्टरांना सांगा आणि मगच होकार द्या.