ब्लॉकचेनची वही आणि भावाचे संगनमत

व्यापारी बंधूंनो, कपिलधारला कार्तिक पौर्णिमेस मन्मथस्वामींची यात्रा भरते. समजा, तिथल्या पाच चादरवाल्यांनी ठरवले की तीनशेच्या खाली चादर कोणी द्यायची नाही. यालाच कायद्याच्या भाषेत कार्टेल म्हणतात. दुपारपर्यंत ठराव टिकतो. मग एखादा हळूच अडीचशेला देतो आणि सगळे कोसळते. कापडाच्या धंद्यात आम्ही हेच पाहत आलो: संगनमत कायद्याआधी आतलाच माणूस मोडतो.

आता ब्लॉकचेन पाहा. ही अशी रोजकीर्द, जिची हुबेहूब प्रत सर्व सभासदांकडे असते. प्रत्येक नोंद मागच्या नोंदीला साखळीसारखी जोडलेली, त्यामुळे जुने पान गुपचूप खोडता येत नाही. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीला जातीचे दाखले असे नोंदवले गेले, खोटे दाखले ओळखता यावेत म्हणून. उपयोग चांगलाच.

पण याच वहीत सर्वांचे विक्रीभाव चढले तर? भाव कोणी पाडला ते बाकीच्यांना तत्काळ दिसेल. फुटणाऱ्याकडून दंड कापण्याची अटही संगणकात आधीच बसवता येते. मग अडीचशेची चादर गिऱ्हाइकाला मिळायची कुठून? भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये ब्लॉकचेन व स्पर्धा यावर चर्चापत्र काढले, ते उगाच नाही.

आयोगाचे मोठे हत्यार म्हणजे स्पर्धा कायद्याचे कलम ४६. संगनमतातला जो आधी येऊन पुरावा देईल, त्याचा दंड कमी किंवा पूर्ण माफ होऊ शकतो. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रियेच्या निविदांत संगनमत झाल्याचे आयोगाने २०१८ मध्ये ठरवले. त्या प्रकरणात ठेकेदारांनीच सवलतीचे अर्ज केले होते. हे हत्यार आपसातल्या अविश्वासावर चालते. वहीनेच अविश्वास संपवला, तर फुटून येणार कोण? उलट, ती न खोडता येणारी वही तपास अधिकाऱ्याच्या हाती पडली, तर सबबीला जागा उरत नाही. मात्र बंद मंडळाच्या वहीची किल्ली बहुधा एखाद्या सभासदाकडूनच मिळवावी लागेल.

उद्या एखादी संघटना किंवा मोठा घाऊकवाला 'आमच्या वहीत या' म्हणेल. गाठीचा नंबर, वजन, माल पोचल्याची नोंद बेलाशक करा. चालू विक्रीभाव प्रतिस्पर्ध्यांना दिसणार असेल, तर सहीआधी वकिलाला दाखवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या धंद्यात नसलेला, केवळ जुळवाजुळव करणाराही संगनमतात धरला जाऊ शकतो. दंड संगनमताच्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांतील जास्त रकमेपर्यंत जाऊ शकतो.