घन इंधन आणि जमाखर्च

सुट्टीत लिंबायतला घरी गेलो असता वडिलांनी विचारले, "पहिले रॉकेट समुद्रात पडले म्हणजे पैसा बुडालाच ना?" नुकताच मी हिशेबशास्त्रात नापास झालो होतो. प्रश्नाचा रोख मला कळला.

वडील लूमवर काम करतात. धागा तुटला की लूम थांबवून गाठ मारता येते. घन इंधनाच्या रॉकेटचे तसे नाही. इंधन आणि त्याला जाळणारा प्राणवायूयुक्त क्षार एकत्र कालवून आवरणात घट्ट बसवलेले असतात. एकदा पेटले की ते विझवता येत नाही. रचना सोपी, पण चूक पेटवण्यापूर्वीच शोधावी लागते.

'एसएलव्ही-३'चे चारही टप्पे घन इंधनाचे होते. अब्दुल कलाम प्रकल्प-संचालक होते. घन इंधनाच्या संशोधनात डॉ. वसंत गोवारीकर अग्रणी होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतील आम्ल गळाले आणि यान बंगालच्या उपसागरात पडले. कारण शोधले गेले. १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला.

'एसएसएलव्ही' या नव्या छोट्या यानाचेही तेच झाले. ७ ऑगस्ट २०२२ रोजी दुसरा टप्पा सुटतानाच्या कंपनांनी संवेदक गोंधळले व उड्डाण फसले. १० फेब्रुवारी २०२३ चे उड्डाण यशस्वी झाले.

मी म्हणालो, "बाबा, खर्च नावे पडला, पण सापडलेले कारण जमेला धरायचे."

"मग तुझे कारण सापडले का?" त्यांनी विचारले.

त्या रात्री मी जुनी प्रश्नपत्रिका काढून बसलो.