घरकुलासाठी काँक्रीट किती लागेल?

ग्रामीण भागात घर बांधणे ही कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक असते. २०१६ पासून राबविण्यात येत असलेल्या ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविण्यात आले असून अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते. अशा मोजक्या पैशांत साहित्याचा अंदाज चुकला, तर स्लॅब टाकण्याच्या दिवशी दुपारीच सिमेंट संपते. मग उरलेल्या मिश्रणात वाळू आणि पाणी वाढवून वेळ मारून नेली जाते, किंवा काम अर्धवट थांबून तेथे सांधा पडतो. पुढे पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागते. उलट सिमेंट जास्त घेतले, तर पैसा अडकतो आणि पोती दमट हवेत खराब होतात. तीन महिन्यांहून अधिक काळ साठविलेले सिमेंट तपासणीशिवाय वापरू नये, असा संकेत आहे.

हा अंदाज काढण्यास अभियंत्याचीच आवश्यकता असते असे नाही. लांबी, रुंदी व जाडी यांचा गुणाकार ज्याला येतो, त्याला तो काढता येतो. ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांनी ही रीत समजून घेतल्यास अनेक कुटुंबांचे नुकसान टळेल.

पहिली पायरी : घनफळ

उदाहरणादाखल बाहेरून २० फूट लांब व १६ फूट रुंद, मध्ये एक आडवी भिंत असलेले दोन खोल्यांचे घर घेऊ. सर्व भिंती ९ इंच जाडीच्या आहेत. इंचांचे फूट करून घेणे हा पहिला नियम होय. ९ इंच म्हणजे पाऊण फूट.

भिंतींची लांबी मध्यरेषेवरून मोजावी. बाहेरील चार भिंतींची मध्यरेषा १९.२५ व १५.२५ फूट यांच्या बेरजेची दुप्पट, म्हणजे ६९ फूट होते. मधली भिंत मात्र दोन्ही भिंतींच्या आतील अंगापर्यंतच, म्हणजे १४.५ फूट धरावी. अन्यथा सांध्यावरील काँक्रीट दोनदा मोजले जाते. एकूण लांबी ८३.५ फूट.

सलोह काँक्रीट :
स्लॅब, साडेचार इंच जाड : २० × १६ × ०.३७५ = १२० घनफूट
जोत्यावरील पट्टी, ९ × ६ इंच : ८३.५ × ०.७५ × ०.५ = ३१.३ घनफूट
लिंटेल पातळीवरील पट्टी, तेवढीच : ३१.३ घनफूट
एकूण : १८२.६ घनफूट

साधे काँक्रीट :
पायाखालील थर, अडीच फूट रुंद व ६ इंच जाड : ८१.७५ × २.५ × ०.५ = १०२.२ घनफूट
जमिनीखालील थर, ३ इंच जाड : १७.७५ × १४.५ × ०.२५ = ६४.३ घनफूट
एकूण : १६६.५ घनफूट

पायाच्या थराची रुंदी अधिक असल्याने मधल्या भिंतीखाली तो १२.७५ फूटच भरतो, म्हणून तेथे लांबी ८१.७५ फूट आली. छज्जे व स्वयंपाकाचा ओटा असल्यास ते याच रीतीने मोजून मिळवावेत. स्लॅबची जाडी व सळया मात्र अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणेच ठेवाव्यात.

पट्ट्यांचा खर्च वाचविण्याचा मोह टाळावा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरातील भूकंपात बंध नसलेल्या दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. भिंतींना चहूबाजूंनी एकत्र बांधून ठेवणारी सलग पट्टी हे त्यापासून घ्यावयाचे प्रमुख धडे आहेत.

दुसरी पायरी : साहित्य

कोरडे साहित्य मिसळून दाबले की पोकळ्या भरतात व घनफळ घटते. म्हणून १०० घनफूट तयार काँक्रीटसाठी सुमारे १५४ घनफूट कोरडे साहित्य धरतात. सिमेंटचे ५० किलोचे पोते सुमारे १.२२५ घनफूट, म्हणजे ३५ लिटर भरते.

सलोह काँक्रीटसाठी १ : १.५ : ३ हे प्रमाण (एम-२०) घ्यावे. १५४ ला ५.५ ने भागले असता सिमेंट २८ घनफूट, म्हणजे २३ पोती येते. वाळू ४२ व खडी ८४ घनफूट. साध्या काँक्रीटसाठी १ : ४ : ८ प्रमाणात १०० घनफुटांस सुमारे पावणेदहा पोती, ४७ घनफूट वाळू व ९५ घनफूट खडी लागते.

यानुसार आपल्या घराच्या सलोह कामास ४२ व साध्या कामास १६, अशी ५८ पोती लागतील. वाळू सुमारे १.५५ ब्रास व खडी ३.१ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). सांडलवंडीसाठी पाच टक्के वाढवून ६१ पोती, १.६५ ब्रास वाळू व ३.३ ब्रास खडी मागवावी. यांपैकी केवळ स्लॅबसाठी २८ पोती लागतात. ती काम सुरू होण्यापूर्वी जागेवर मोजून घ्यावीत. विटांचे बांधकाम व गिलावा यांचे सिमेंट यात धरलेले नाही.

तिसरी पायरी : जागेवरील माप

कागदावरचे प्रमाण घमेल्याने टिकत नाही. एक घमेले शिगोशीग, तर दुसरे अर्धे भरते. आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटर मापाची पेटी करून घ्यावी. ती बरोबर ३५ लिटरची होते. एका पोत्यास दीड पेटी वाळू व तीन पेट्या खडी घालावी. पाणी पोत्यामागे ३० लिटरपेक्षा अधिक नसावे; वाळूतील ओलही त्यातच धरावी.

ओली वाळू फुगते, त्यामुळे पेटीत ती प्रत्यक्षात कमी भरते. ही फूग शाळेतही दाखविता येईल. सरळ उभ्या काचेच्या बरणीत २० सेंटिमीटर उंचीपर्यंत ओलसर वाळू भरावी, पाणी ओतून ढवळावी व बसू द्यावी. ती १६ सेंटिमीटरवर आली, तर फूग २५ टक्के झाली. अशा वेळी वाळूचे माप सव्वापट घ्यावे.

शेवटी, काँक्रीट ओले ठेवणे हाही अंदाजाचाच भाग आहे. साध्या सिमेंटच्या कामास किमान सात दिवस, तर मिश्र सिमेंटच्या किंवा उन्हाळ्यातील कामास किमान दहा दिवस पाणी द्यावे लागते. त्या पाण्याची सोय आधी पाहूनच स्लॅबचा दिवस ठरवावा. ग्रामपंचायतीने एक मापाची पेटी व हा हिशेब फलकावर उपलब्ध ठेवला, तर गावातील प्रत्येक घरमालकास गवंड्याशी बरोबरीने बोलता येईल.