डॉक्टरांच्या संगणकातली आपली कुंडली

डॉक्टरांकडे जाताना एक प्लास्टिकची पिशवी बरोबर न्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. तीत जुनी प्रिस्क्रिप्शने, रक्ततपासणीचे कागद, एक्स-रेचे मोठे पाकीट आणि गोळ्यांच्या अर्ध्या संपलेल्या स्ट्रिप्स असतात. या पिशवीला हसू नये. दुखण्याचा इतिहास ज्याचा त्याच्या हाती ठेवणारी ती साधी आणि भक्कम व्यवस्था आहे. अमेरिकेत आल्यावर आपली ती पिशवी सुटली. तिची जागा दवाखान्यांच्या संगणकांनी घेतली आणि आता हे संगणक एकमेकांशी बोलू लागले आहेत. या देवाणघेवाणीमुळे डॉक्टरांच्या कामात काय फरक पडला, रुग्णाचे काय भले झाले, धोका कुठे आहे आणि आपण घरी काय काळजी घ्यावी, याचा हा आढावा. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे औषधोपचाराचा सल्ला येथे नाही. नोंदी कशा फिरतात आणि कुठे अडकतात, एवढेच सांगायचे आहे.

कागदाकडून संगणकाकडे

ही कल्पना नवी नाही. डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली रुग्णाची नोंद त्याच्या तक्रारींनुसार पद्धतशीर मांडावी असा आग्रह धरला. १९७२ साली इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये अशी नोंद संगणकावर ठेवायला सुरुवात झाली. पण पुढची तीस-पस्तीस वर्षे बहुतेक डॉक्टर कागदी फाईलवरच काम करत होते.

दोन घटनांनी विचार बदलला. १९९९ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत, असा त्याचा अंदाज होता. दुसरी घटना ऑगस्ट २००५ मधली. कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडाले आणि असंख्य दवाखान्यांच्या कागदी फायलींचा लगदा झाला. शहर सोडून गेलेल्या माणसांना आपण कोणती गोळी घेत होतो हेही सांगता येईना. मात्र तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलच्या नोंदी संगणकात होत्या. त्यांच्या टेप ह्यूस्टनला नेण्यात आल्या आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना त्या रुग्णांच्या नोंदी पाहता येऊ लागल्या.

२००९ साली काँग्रेसने कायदा करून संगणकीय नोंदी वापरणाऱ्या डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना पैसे देऊ केले. मेडिकेअरकडून एका डॉक्टरला पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत मिळू शकत होते. परिणाम लगेच दिसला. २००८ साली शंभरातल्या सुमारे ९ हॉस्पिटलांत निदान प्राथमिक स्वरूपाची अशी व्यवस्था होती. २०१५ साली तो आकडा ८४ च्या आसपास गेला.

नोंद इकडून तिकडे कशी जाते?

पुष्कळांची समजूत असते की सरकारच्या एखाद्या प्रचंड संगणकात आपल्या सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवलेल्या आहेत. तसे नाही. सहसा प्रत्येक हॉस्पिटल आपली वही आपल्याकडेच ठेवते. आपण नव्या ठिकाणी नाव नोंदवले, की तिथला संगणक इतरांना विचारतो, "अमुक नावाचा, अमुक जन्मतारखेचा, या पत्त्यावरचा रुग्ण तुमच्याकडे आहे का?" समोरून "आहे" असे उत्तर आले, तर औषधे, ॲलर्जी, तपासण्या आणि भेटींचा गोषवारा पाठवला जातो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांना एकमेकांची भाषा समजावी म्हणून १९८७ पासून 'एचएल सेव्हन' ही संस्था नियम ठरवत आली आहे. निरनिराळी जाळी एकमेकांना जोडणारी राष्ट्रीय व्यवस्था डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली.

सगळ्यात नाजूक सांधा आहे तो माणूस ओळखण्याचा. आरोग्यासाठी प्रत्येकाला एकच राष्ट्रीय नंबर द्यावा, असा विचार १९९६ च्या हिपा कायद्यात होता. पण खाजगीपणाच्या भीतीने काँग्रेसने १९९८ साली त्यावर सरकारी पैसा खर्च करायला मनाई केली. त्यामुळे आजही जुळणी होते ती नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि फोन यांवरून. आणि नेमक्या याच ठिकाणी आपली मराठी माणसे अडकतात!

आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाला जोडून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. एक क्लार्क ते पहिल्या नावात घालतो, दुसरा मधल्या नावात, तिसरा गाळूनच टाकतो. दीपक, सुनीता, क्षीरसागर ही नावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. लग्नानंतर इन्शुरन्सवर सासरचे आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचे, असेही पुष्कळ घरांत असते. तारखेची तऱ्हा निराळीच. आपण ५ ऑगस्ट हे ५-८ असे लिहितो, इथे त्याचा अर्थ ८ मे होतो. शिवाय शाळेत घालताना लावलेली तारीख आणि खरी तारीख वेगळी असलेले आपले आईवडील आहेतच. अशाने एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतात. पेनिसिलिनची ॲलर्जी एका फाईलमध्ये राहते आणि इमर्जन्सी रूममधला डॉक्टर दुसरी उघडतो. याच्या उलट प्रकारही घडू शकतो. एकाच नावाच्या दोघांच्या नोंदी एकत्र होतात, आणि तो जास्त धोक्याचा.

डॉक्टरांना काय मिळाले आणि काय गेले

मिळाले ते मोठे आहे. बेशुद्ध रुग्ण समोर आला तरी तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, हे पाहता येते. मागच्या महिन्यातला सीटी स्कॅन दुसऱ्या हॉस्पिटलचा असला तरी त्याचा रिपोर्ट दिसतो. मग तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. डिडक्टिबल पूर्ण झालेले नसेल, तर वाचलेले पैसे थेट आपल्याच खिशातले असतात. दोन औषधांचे एकमेकांशी पटत नसेल तर संगणक सूचना देतो. औषधाच्या चिठ्ठीवरचे डॉक्टरांचे अक्षर लावत बसण्याचा प्रश्नही उरत नाही.

पण किंमतही मोजावी लागली. २०१६ साली ५७ डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जात होते. शिवाय घरी गेल्यावर रात्री एक-दोन तास वेगळेच. "डॉक्टर माझ्याकडे बघतच नाहीत, सारखे टाईप करत असतात," ही आपली तक्रार खरी आहे. पण त्यात डॉक्टरांचीही फरफट आहे.

दुसरा दोष सूचनांच्या भडिमाराचा. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या हॉस्पिटलात घडलेली घटना डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी पुढे सविस्तर लिहिली. सोळा वर्षांच्या मुलाला एका अँटिबायोटिकची १६० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरांनी १६० हा आकडा टाकला. पण स्क्रीनवर एकक होते 'किलोमागे मिलिग्रॅम'. संगणकाने मुलाच्या ३८.६ किलो वजनाने गुणाकार केला आणि साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर तयार झाली! धोक्याची सूचना आली होती. पण दिवसभर येणाऱ्या असंख्य निरुपयोगी सूचनांप्रमाणे तीही डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनी बाजूला सारली. यंत्रमानवाने गोळ्या भरल्या. नर्सने बारकोड तपासला तर संगणक म्हणाला, "बरोबर आहे." मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ही गोष्ट टेबलासमोर चिकटवून ठेवावी. ऑर्डर बरहुकूम पार पडली का, एवढेच यंत्र पाहते. ऑर्डर शहाणपणाची आहे का, हे माणसानेच पाहावे लागते.

तिसरा दोष नकलेचा. मागच्या भेटीची नोंद उचलून आजच्या नोंदीत डकवणे सोपे असते. त्यात एक चूक असली तर तीही पुढे पुढे जाते आणि देवाणघेवाणीमुळे चार हॉस्पिटलांत पोचते. सात-बारावर एकदा चुकीचे नाव चढले की ते उतरवायला किती खेटे घालावे लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही तसेच.

रुग्णाच्या हाती काय आले

२०१० साली बॉस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिॲटल येथल्या १०५ डॉक्टरांनी एक प्रयोग केला. आपण लिहिलेल्या नोंदी रुग्णांना जशाच्या तशा वाचायला दिल्या. १३,००० हून अधिक रुग्ण यात होते. २०१२ साली निष्कर्ष आले. औषधे घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांनी आपण ती आता अधिक नियमित घेतो असे सांगितले आणि प्रयोग संपल्यावरही एकाही डॉक्टरने नोंदी दाखवणे बंद केले नाही. पुढे २०१६ चा क्युअर्स कायदा झाला. त्याखालचा नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाला आणि नोंदी विनाकारण अडवून ठेवणे हा दोष ठरला.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. आता तपासणीचा निकाल पुष्कळदा डॉक्टरांनी पाहण्याआधीच आपल्या फोनवर येतो. शुक्रवारी संध्याकाळी बायोप्सीचा रिपोर्ट उघडायचा आणि सोमवारपर्यंत घरभर काळजी करत बसायचे, असे होऊ शकते. रिपोर्ट कधी उघडायचा आणि कोणाशी बोलायचे, हे तपासणीच्या आधीच ठरवून ठेवा.

खाजगीपणा आणि पैसा

उपचारासाठी एका डॉक्टरने दुसऱ्याला माहिती द्यायला हिपा कायद्यानुसार आपली वेगळी परवानगी लागत नाही. नोकरी देणाऱ्याला मात्र ती अशी सहजासहजी मिळत नाही. आपण स्वतः एखाद्या फुकटच्या ॲपला नोंदी दिल्या, तर त्या ॲपवर बहुधा हिपाचे बंधन नसते. चोरीचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या कंपनीवर सायबर हल्ला झाला, त्यात सुमारे १९ कोटी लोकांची माहिती गेली.

नेहमीच्या आरोग्य विम्यात २०१४ पासून जुन्या आजाराच्या कारणाने नकार देता येत नाही. पण आयुर्विमा किंवा लाँग टर्म केअरची पॉलिसी घेताना कंपनी आपल्या सहीने नोंदी मागवू शकते. भेटीला आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुने आजार बहुधा वगळलेले असतात आणि क्लेमच्या वेळी नोंदी तपासल्या जातात. तिथे "दहा वर्षांपासून छातीत दुखते" असे एक चुकीचे वाक्य फार महाग पडू शकते. दुभाष्याचे काम आपण करत असाल, तर नेमके आणि खरे तेच सांगा.

आता आपण काय करावे?

१. घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि जन्मतारीख इन्शुरन्स कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स आणि दवाखाना या तिन्ही ठिकाणी एकसारखी आहे का, हे पाहा. तारीख सांगताना महिना अक्षरात सांगा.

२. वर्षातून एकदा औषधे, ॲलर्जी आणि जुने आजार ही तीन पाने वाचा. चूक दिसली तर दुरुस्तीसाठी लेखी अर्ज करा. सहसा ६० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नोंदींची प्रत मागितल्यास ती साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवी.

३. भारतातल्या औषधांची मूळ नावे लिहून ठेवा. क्रोसिन म्हणजे पॅरासिटॅमॉल. तेच औषध इथे ॲसिटामिनोफेन, म्हणजेच टायलेनॉल. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. डॉक्टरांच्या यादीत हे नसेल तर संगणक सूचना तरी कशावरून देणार? आयुर्वेदिक औषधेही सांगा. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली अशी ७० औषधे तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते.

४. लहानपणी बीसीजीची लस घेतली असल्यास तशी नोंद करवून घ्या. त्या लसीमुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर तिचा परिणाम होत नाही.

५. आईवडिलांच्या नोंदी पाहायच्या असतील तर त्यांच्या संमतीने रीतसर प्रॉक्सी घ्या, त्यांचा पासवर्ड वापरू नका. मुले तेरा-चौदा वर्षांची झाली की राज्याच्या कायद्यानुसार त्यांच्या काही नोंदी आपल्याला दिसत नाहीत, याने गोंधळून जाऊ नका.

६. भारतात सप्टेंबर २०२१ पासून 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक देशभर मिळू लागला आहे. पण तिथली नोंद इथल्या हॉस्पिटलात आपोआप येत नाही. आईवडील येण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पानाचा गोषवारा, शेवटचा ईसीजी आणि औषधांची यादी मागवा.

नोंदी फिरू लागल्या म्हणून आपली जबाबदारी संपली नाही, उलट वाढली. पूर्वी चूक एका कपाटात पडून राहायची, आता ती आपल्या आधी पुढच्या डॉक्टरांच्या टेबलावर हजर असते. तेव्हा येत्या शनिवार-रविवारी अर्धा तास काढा, चहा घेऊन बसा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची औषधांची यादी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. "अगं, ही गोळी तर मी केव्हाच बंद केली," असे वाक्य ऐकू आले, तर तो अर्धा तास सत्कारणी लागला असे समजा.